विद्येचे ऋण
डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेचे चरित्र

मनुष्य जन्मास येतो तो तीन ऋणे शिरावर घेऊनच येतो, असे आपल्या धर्मशास्त्राने सांगितले आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही ती तीन होत. यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने व अध्यापनाने फिटते, असे मानले जाते. परंतु अध्ययन करणाऱ्या मुलाच्या पोटात दोन वेळचे अन्न जावे लागते, त्याच्या हाती पुस्तक असावे लागते, त्याची फी कोणी तरी भरावी लागते. ते अन्न, ते पुस्तक आणि ती फी ज्यांनी पुरविली त्यांचे ऋण कोणत्या सदरात घालावे आणि ते कसे फेडावे, याचा विचार शास्त्रचर्चेत फारसा आढळत नाही. तो विचार एका थोर पुरुषाच्या आयुष्यात प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. मठाच्या अंगणात विद्या, अन्न आणि दान ही तिन्ही एकत्र नांदतात. म्हणून या मंगल प्रसंगी मठाच्या भाविकांपुढे ते चरित्र ठेवणे उचित वाटते. हा पुरुष आपल्या इंदुराच्या अगदी शेजारी जन्मला, हे त्याचे आणखी एक औचित्य.

इंदुरापासून अवघ्या वीस-बावीस किलोमीटरांवर महू हे गाव आहे. १८१८ साली होळकर व इंग्रज यांच्यात मंदसोरचा तह झाला, त्यानंतर तेथे इंग्रजांची लष्करी छावणी वसली. याच छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी मालोजी सकपाळ व भीमाबाई यांच्या पोटी चौदावे अपत्य जन्मास आले. त्याचे नाव भीमराव. घराण्याचे मूळ गाव कोकणातील आंबवडे. जातीने महार, म्हणजे त्या काळच्या समाजाने अस्पृश्य ठरविलेले. घरात कबीरपंथाची उपासना होती. रामजी स्वतः भक्तिमार्गी, अभंग व दोहे मुखोद्गत असलेले, आणि मुलांकडून पहाटे-सायंकाळी भजन म्हणवून घेणारे गृहस्थ होते. लष्करी शाळेत त्यांनी दीर्घकाळ मुख्याध्यापकाचे काम केले होते. संतवाङ्मय आणि शालेय विद्या ही दोन्ही एकाच घरात नांदत असल्यामुळे भीमरावांस विद्येची गोडी प्रथम घरातच लागली.

रामजी सेवानिवृत्त झाले तेव्हा भीमराव अगदी लहान होते. कुटुंब महू सोडून दापोलीस व तेथून साताऱ्यास गेले. साताऱ्याच्या वास्तव्यात भीमाबाईंचे निधन झाले. आत्या मीराबाईंनी मुलांचा सांभाळ केला. पुढे भीमरावांच्या शिक्षणासाठी रामजींनी मुंबई गाठली आणि परळच्या चाळीतील एका खोलीत बिऱ्हाड थाटले. निवृत्तिवेतन महिना ५० रुपये. तेवढ्यात घरभाडे, धान्य, कपडे आणि एल्फिन्स्टन हायस्कुलातील शिक्षण असा सारा खर्च भागवावयाचा होता.

येथे त्या काळी गरीब विद्यार्थ्याचे शिक्षण कसे पार पडे, हे थोडे पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात, आणि महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे मराठी माणूस गेला तेथेही, गरीब मुलास शिकविण्याची एक जुनी व्यवस्था होती. मुलगा आठवड्याचे सात वार सात घरी लावून जेवत असे. कोणी माधुकरी मागत असे. कोठे देवळात, कोठे मठात, कोठे अन्नछत्रात त्याच्या पानाची सोय होई. आपल्या माळव्यात पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या नावाने चाललेल्या अन्नदानाची कीर्ती कोणास ठाऊक नाही? याशिवाय पेशव्यांच्या काळापासून पुण्यास विद्वानांना श्रावणमासी दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने त्या दक्षिणेचा काही भाग नव्या विद्येकडे वळविला आणि त्यातून महाविद्यालयात दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे अशा दक्षिणा फेलोंपैकीच एक होते. एका धर्मादायाचे विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीत झालेले हे रूपांतर मोठे बोधप्रद आहे. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात श्रेष्ठ ठरणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्या काळी फार मानाची समजली जाई.

ही सारी व्यवस्था होती, आणि तिने शेकडो गरीब मुले मोठी केली. परंतु तिचा उंबरठा भीमरावांना ओलांडता येणे शक्य नव्हते. त्यांना कोणत्या घरी वार लावून मिळणार? कोणत्या सोप्यात त्यांचे पान वाढले जाणार? शाळेत संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. पण शिक्षकांनी ते शिकविण्याचे नाकारले आणि त्यांस नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. संस्कृतच शिकू दिले नाही, तेव्हा संस्कृताच्या शिष्यवृत्तीचा प्रश्नच उरला नाही. बुद्धी होती, परिश्रम होते, दारिद्र्य होते, म्हणजे साहाय्यास पात्र होण्याची सर्व लक्षणे होती. नव्हती ती केवळ जात.

अशा स्थितीत पहिले कर्ज काढले ते पित्याने. भीमरावांस शाळेच्या पुस्तकांव्यतिरिक्त इतर ग्रंथ वाचण्याचा अनावर छंद होता. मुलाने पुस्तक मागितले की रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात. एकीपाशी चार रुपये असले तर ते उसने घेत. नसले तर दुसरीच्या अंगावरचा एखादा दागिना मागून घेत आणि तो गहाण ठेवून पुस्तक आणीत. पेन्शन हाती आले की दागिना सोडवून लेकीस परत करीत. पुढे पुन्हा नवे पुस्तक आणि पुन्हा तोच दागिना, असा क्रम चाले. एकाच खोलीत सारे कुटुंब झोपत असल्यामुळे मुलास रात्री लवकर निजवून रामजी स्वतः जागत आणि दोनच्या सुमारास त्यास अभ्यासासाठी उठवीत. या कर्जास ना दस्तऐवज होता, ना व्याज. मुलीने भावाच्या विद्येसाठी अंगावरचे सोने काढून द्यावे, हीच त्याची सारी कागदपत्रे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या समाजातील मुलाने हा टप्पा गाठणे ही तेव्हा असामान्य गोष्ट होती. समाजसुधारक सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धाचे मराठी चरित्र भीमरावांस भेट दिले. केळुसकर हे या चरित्रातील एक अत्यंत महत्त्वाचे पात्र होय. बागेत बसून वाचणाऱ्या या मुलाकडे त्यांचे लक्ष गेले होते, आणि त्याची योग्यता त्यांनी अचूक हेरली होती.

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. इंटरच्या परीक्षेपर्यंत रामजींनी कसेबसे निभावले. पुढे मात्र त्यांची ओढाताण इतकी झाली की शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा केळुसकर पुढे आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी लायक अस्पृश्य विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी साहाय्य करण्याची इच्छा मुंबईत प्रकट केली होती. सयाजीरावांची विद्येवरील श्रद्धा सर्वश्रुत आहे. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व राज्यास लागू केले. केळुसकरांनी भीमरावांस महाराजांच्या भेटीस नेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि त्यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. पित्याच्या पेन्शनच्या निम्मी ही रक्कम होती. कॉलेजातील प्राध्यापक म्युलर यांनीही आपली पुस्तके वाचावयास देऊन आणि कपडे देऊन या विद्यार्थ्यास हातभार लावला.

बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. परंतु थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली. ते मुंबईस धावले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी देह ठेवला. ज्याने कर्ज काढून काढून विद्या दिली तो पिता मुलाचे वैभव न पाहताच गेला. पितृऋण आणि विद्येचे ऋण ही दोन्ही त्या दिवशी एकरूप झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच वर्षी महाराजांनी काही निवडक विद्यार्थी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याचे ठरविले. त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारनामा झाला. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंड. अटी दोन : मिळालेला वेळ नेमलेल्या विषयांच्या अभ्यासात घालवावयाचा, आणि शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करावयाची. भाविक वाचकांनी येथे एक भेद लक्षात घ्यावा. मुलीचा दागिना हे प्रेमाचे कर्ज होते. पंचवीस रुपयांची वृत्ती हे दान होते. आणि हा करार म्हणजे विद्येच्या मोबदल्यात दहा वर्षांच्या सेवेचे वचन होते. पैसा तोच, पण देण्याची रीत निराळी असली की घेणाऱ्यावरील भारही निराळा होतो.

१९१३ च्या जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. साडेअकरा पौंड म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १७२ रुपये किंवा ५६ डॉलर. मुंबईच्या मानाने ही रक्कम मोठी होती. परंतु न्यूयॉर्कमध्ये दिवसाला दोन डॉलरांपेक्षाही कमी. त्यातूनच जेवणखाण भागवावयाचे आणि मुंबईस कुटुंबाकडेही काही पाठवावयाचे. कपड्यालत्त्यांवर व करमणुकीवर त्यांनी खर्च केला नाही. पोटाला चिमटा घेऊन जे उरे त्यातून ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ विकत घेत. असे जवळजवळ दोन हजार ग्रंथ त्यांनी तेथे जमविले. दिवसाचे अठरा-अठरा तास ते ग्रंथालयात व अभ्यासात घालवीत. मुदत ठरलेली आहे आणि ती संपली की वृत्ती बंद होणार आहे, ही जाणीव त्यांच्या उशापायथ्याशी सदैव उभी होती. नवल भथेना हे पारशी सद्गृहस्थ वसतिगृहात त्यांचे सोबती होते. हा स्नेह आयुष्यभर टिकला आणि पुढे आपत्काळी उपयोगी पडला.

१९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ साली त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला सुप्रसिद्ध निबंध विद्यापीठाच्या परिसंवादात वाचला आणि त्याच वर्षी डॉक्टरेटसाठीचा त्यांचा प्रबंधही मान्य झाला. तेथून ते लंडनला गेले व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा आणि ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास त्यांनी एकाच वेळी सुरू केला. तो अभ्यास अर्धवट असतानाच १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परत येणे भाग पडले. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या साहाय्याने त्यांनी एवढी मात्र सोय करून घेतली की, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत केव्हाही परत येऊन अभ्यास पुरा करता यावा. हातात पदवी नाही, जवळ पैसा नाही, पण परतण्याची एक मुदत आहे, अशा अवस्थेत त्यांनी लंडन सोडले. त्या वेळी महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि ग्रंथ ज्या बोटीने निघाले ती शत्रूने बुडविली. उपाशी राहून जमविलेली पुस्तके समुद्रतळाशी गेली.

कराराप्रमाणे ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास हजर झाले. बडोद्याला जाण्याइतकेही पैसे जवळ नव्हते. बुडालेल्या सामानाची जी भरपाई हाती आली ती त्या कामी आली. महाराजांनी त्यांची लष्करी सचिव म्हणून नेमणूक केली. पुढे अर्थखात्याची जबाबदारी द्यावी असा महाराजांचा मानस होता. परंतु राहावयास जागा कोठेच मिळेना. हिंदूंची घरे व खाणावळी बंद होत्या. अखेरीस आपली ओळख लपवून त्यांनी एका पारशी पथिकाश्रमात मुक्काम केला. कचेरीत शिपाई दुरूनच कागद टाकीत. पिण्यास पाणी मिळेना. एके दिवशी हातांत काठ्या घेतलेले लोक दारी आले आणि त्यांनी ताबडतोब जागा सोडण्यास फर्माविले. काही तासांची सवलत मागून भीमरावांनी मित्रांची दारे ठोठावली. ती उघडली नाहीत. महाराजांकडे केलेल्या अर्जाचाही उपयोग झाला नाही. एका झाडाखाली बसून या उच्चविद्याविभूषित पुरुषाने अश्रू ढाळले आणि तो मुंबईस परतला.

या प्रसंगाचा अर्थ शांतपणे पाहिला पाहिजे. एका उदार राजाने एका मुलाच्या बुद्धीवर हजारो रुपये खर्च केले. मुलाने एक क्षणही वाया न घालवता ती विद्या संपादन केली. वचन पाळण्यासाठी तो आपण होऊन हजर झाला. असे असूनही ते दान सुफळ होऊ शकले नाही, कारण त्या विद्वानास रात्री पाठ टेकावयास राजधानीत एक खोली मिळाली नाही. राजाची तिजोरी उघडली होती, पण नगरातील घरांची दारे बंदच राहिली. एकट्या दात्याच्या औदार्याने विद्यादान पुरे होत नाही, त्यास समाजाचीही जोड लागते, हे यावरून स्पष्ट होते. दहा वर्षांच्या सेवेचे वचन अपुरे राहिले. संस्थानच्या कचेरीने पुढे परतफेडीची विचारणा केली आणि तो प्रश्न त्यांच्या मागे काही काळ लागून राहिला. घेतलेल्या साहाय्याबद्दलची कृतज्ञता मात्र त्यांच्या मनातून कधीच ढळली नाही.

मुंबईस आल्यावर चरितार्थासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, शेअरबाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. पण जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार ४५० रुपये, म्हणजे वडिलांच्या पेन्शनच्या नऊपट. एखाद्याने या पगारावर सुखाने संसार केला असता. भीमरावांनी मात्र परळच्या चाळीतील साधे राहणे सोडले नाही. पगारातील ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती देऊन उरलेली ते लंडनसाठी शिल्लक टाकीत. चार वर्षांची मुदत सरत चालली होती.

मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी केलेले साहाय्य आणि नवल भथेना यांनी दिलेले ५,००० रुपयांचे कर्ज एवढ्या पुंजीवर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा विलायतेस निघाले. शाहू महाराजांनी त्याआधीच मूकनायक या पाक्षिकास २,५०० रुपये दिले होते, आणि कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारून विद्यार्थ्याच्या राहण्याजेवण्याचा प्रश्न मुळापासून हाती घेतला होता.

लंडनला गेल्यावर एक नवेच संकट ओढवले. ते ज्या विषयाचा अभ्यास करीत होते तो विषय रुपयाचा, त्याच्या मूल्याचा आणि हुंडणावळीच्या दराचा होता. १९२० च्या आरंभी दोन शिलिंगांच्याही वर गेलेला रुपया झपाट्याने घसरला आणि १९२१ साली सव्वा ते दीड शिलिंगांच्या दरम्यान आला. दोन शिलिंगांच्या दराने ५,००० रुपयांचे ५०० पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या दराने त्याच रुपयांचे ३३३ पौंड होतात. विद्यार्थ्याने एक पैही उधळली नाही, तरी त्याच्या पुंजीचा तिसरा हिस्सा दराच्या उतरणीत विरघळून गेला. परदेशी शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याची ही अडचण आजही तशीच आहे. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध विद्वन्मान्य ठरला. पण त्या प्रश्नाची झळ त्यांनी ग्रंथातून जाणली त्याहून अधिक आपल्या पोटावर सोसली. १९२१ साली त्यांनी शाहू महाराजांस पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले. दान म्हणून नव्हे, फेडीच्या बोलीने.

लंडनमधील त्यांची दिनचर्या तपस्व्यासारखी होती. सकाळी पावाचा तुकडा व चहा घेऊन ते ग्रंथालयात जात आणि ते बंद होईपर्यंत तेथेच बसत. रात्री भूक लागली तर परिचिताने दिलेले पापड भाजून त्यावर भागवीत. इकडे मुंबईस रमाबाई अपुऱ्या पैशांत संसार रेटीत होत्या. अपत्यांच्या मृत्यूचे घाव त्यांनी सोसले, आणि आपले हाल पतीस कळून त्यांच्या अभ्यासात विक्षेप येऊ नये म्हणून जपल्या. या विद्येच्या खर्चाचा हिशेब कोणी मांडू लागला, तर त्यात बडोद्याचे पौंड आणि भथेनांचे रुपये येतील. रमाबाईंचे उपवास कोणत्या खात्यावर लिहावयाचे? १९३५ साली त्या निवर्तल्या.

१९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर आणि १९२३ साली डी. एस्सी. असे एकेक टप्पे पार पडले. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले तेव्हा वकिलीची सनद काढण्यापुरतेही पैसे त्यांच्यापाशी नव्हते. त्याही वेळी नवल भथेनाच धावून आले. कोलंबियाच्या पदवीची कथाही अशीच आहे. प्रबंध १९१६ सालीच मान्य झाला होता. परंतु तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठास सादर केल्यावाचून पदवी मिळत नसे. १९२५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि १९२७ साली पीएच. डी. ची पदवी रीतसर मिळाली. विद्या संपादन केल्यावरही तिचे प्रमाणपत्र हाती येण्यास अकरा वर्षे लागली.

१९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ त्यांनी आपल्या मातापित्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या कष्टांबद्दल कृतज्ञता व्यक्त केली. १९२५ साली प्रसिद्ध झालेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांस अर्पण केला, तोही शिक्षणाच्या कामी त्यांनी केलेल्या साहाय्याचे स्मरण ठेवून. ज्या नगरात त्यांस पाणी मिळाले नव्हते, त्या नगराच्या अधिपतीस ही अर्पणपत्रिका आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यामागील मनाची थोरवी कळते. अपमान त्यांनी विसरला नाही, पण त्यापायी उपकार विसरण्याचे पातकही केले नाही.

तथापि ऋण फेडण्याचे त्यांचे खरे कार्य पुढेच आहे. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. १९२५ च्या आरंभी सोलापुरास मागासलेल्या विद्यार्थ्यांसाठी तिचे वसतिगृह निघाले. राहावयास जागा नसेल तर शिष्यवृत्ती व्यर्थ, हा बडोद्याचा धडा त्यांच्या पहिल्याच संस्थेत उतरलेला दिसतो. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. त्याच वर्षी त्यांनी सरकारास सविस्तर निवेदन देऊन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी, आणि विशेषतः विज्ञान व तंत्रविद्येसाठी, तसेच परदेशातील शिक्षणासाठी खजिन्यातून रक्कम देण्याची मागणी केली. त्या प्रयत्नांचे फळ म्हणून दरसाल ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेले दान या रीतीने राज्याचे कर्तव्य झाले. एका केळुसकरांची दृष्टी पडली म्हणून एक मुलगा शिकला; ज्यांच्यावर कोणाचीच दृष्टी पडत नाही त्यांचे काय, या प्रश्नास त्यांनी दिलेले हे उत्तर होते. स्वातंत्र्योत्तर काळात ही योजना विस्तारत गेली आणि तिच्या आधारे लक्षावधी मुलेमुली महाविद्यालयांत पोहोचली.

१९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. तेथील वर्ग सकाळी भरत, त्यामुळे दिवसा नोकरी करून पोट भरणाऱ्या तरुणांस पदवी घेता येऊ लागली. १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि सोयीच्या वेळी चालणारे महाविद्यालय, या तीन गोष्टी त्यांनी उभ्या केल्या. स्वतःच्या विद्यार्थिदशेत ज्या ज्या ठिकाणी ते अडले होते, त्या त्या ठिकाणी त्यांनी पुढच्यांसाठी पायरी बांधली.

भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांची कीर्ती जगभर झाली. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली. एके काळी दिवसाकाठी दोन डॉलरांत गुजराण करणारा विद्यार्थी त्याच विद्यापीठात सन्मानाचा अतिथी होऊन गेला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. महू येथे त्यांच्या जन्मस्थानी भव्य स्मारक उभे आहे. २००३ साली त्या गावास डॉ. आंबेडकर नगर असे नाव देण्यात आले, आणि आज त्यांच्या नावाचे सामाजिक विज्ञानाचे विद्यापीठही तेथे आहे. दर १४ एप्रिलला देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक तेथे येतात. त्यांतील कित्येकांच्या घरची पहिली पदवी शिष्यवृत्तीवर मिळविलेली असते.

भाविक वाचकहो, विद्यादान हे श्रेष्ठ दान खरे. परंतु ते केव्हा पुरे झाले असे म्हणावे, हे या चरित्रावरून पाहता येते. देणाऱ्याने पात्रता पाहावी, कूळ पाहू नये. दिलेली मदत विद्या पुरी होईपर्यंत टिकावी. मध्येच तुटलेली वृत्ती विद्यार्थ्यास नदीच्या मध्यभागी सोडते. पैशाबरोबर राहण्याची जागा, पाण्याचा पेला आणि माणुसकीचा शब्दही द्यावा. ज्याने घेतले त्याने ते देणाऱ्यास परत करता आले तर करावेच. न आले तर आपल्या मागून येणाऱ्यास द्यावे. पूर्वी आपल्या घरी वार लावून जेवणाऱ्या मुलाचे पान ज्या श्रद्धेने मांडले जाई, त्याच श्रद्धेने ते आज कोणत्याही घरच्या विद्यार्थ्यासाठी मांडले जावे. एका सुभेदाराच्या लेकीने भावाच्या पुस्तकासाठी अंगावरचा दागिना उतरवून दिला, तेथून या साऱ्या कार्यास आरंभ झाला. तेवढे देणे आपल्यापैकी प्रत्येकास शक्य आहे.